तापलेलं इंजिन

लढाऊ विमानांच्या संगणक-खेळात स्पिटफायर उडवलं की एक गोष्ट पक्की कळते. शत्रू मागे लागला की हात आपसूक थ्रॉटल पूर्ण देतो, नाक वर करतो. पण चढताना वेग घटतो, पंखाखालच्या रेडिएटरला वारा कमी पडतो आणि तापमानाचा काटा वर सरकतो. रेडिएटरचं झाकण उघडावं, तर हवेचा अडथळा वाढून वेग आणखी कमी! मग थ्रॉटल थोडा कमी करायचा, नाक खाली करायचं. कमावलेली उंची द्यायची, वेग घ्यायचा. वेगाबरोबर वारा येतोच.

आमच्या धर्माबादला हे विमान अगदीच परकं नाही बरं का! १९४० साली ब्रिटनच्या आकाशात लढलेल्या १५२ क्रमांकाच्या स्पिटफायर स्क्वॉड्रनचं नाव 'हैदराबाद' होतं, निजामाच्या देणगीवरून. आणि धर्माबाद तेव्हा निजामाच्याच राज्यात.

आपलं इंजिन जळलं तर खेळ पुन्हा सुरू होतो. त्या विशीतल्या पोरांना मात्र, खाली इंग्लिश खाडी आणि मागे शत्रू असताना, उंची सोडायची की इंजिन, हे क्षणात ठरवावं लागे.

असो. इथल्या मे महिन्यात संगणकही तापतो. मग मी तो बंद करून ओट्यावर जाऊन बसतो. हेही नाक खाली करणंच की!