थंडीतली किनारवाट

जानेवारीअखेरचा बेत ठरतोय. कोल्हापूरहून अंधारात निघायचं नाही. गगनबावड्याला धुकं असतं, घाटात घाई कशाला? महामार्गाने थेट मालवण गाठणाऱ्यांची मला कीवच येते. आम्ही विजयदुर्गापासून समुद्राच्या कडेकडेने जाणार: देवगड, कुणकेश्वर, आचरा. देवगडात काचा खाली करायच्या. हापूसच्या मोहोराचा वास गाडीत शिरतो, झाडाखाली थांबलं की मधमाश्यांची गुणगुण. मालवणात तिरफळं घातलेला बांगडा, वर सोलकढी. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, आता सुरू. पुढे वेंगुर्ला, मग १९३०चा मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडा. तुम्ही निघणार असाल तर आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख आधी विचारा. ती दरवर्षी कौल घेऊन ठरते, आणि त्या दिवसांत मालवणात खोली मिळणं कठीण.