द्वारपालाच्या गावात
(प्रवासाची दैनंदिनी : लेखांक तिसरा)

गुरुवार, हमामात्सू. रात्रीचे साडेदहा

आजचा खर्च : तोक्योहून शिनकानसेन, सुमारे 8,000 येन. स्टेशनवरचा डबा 1,250. पाणी 130. हॉटेलची खोली रात्रीला 6,900. रात्रीचं जेवण 1,180.

वेळ वाया : पन्नास मिनिटं. नोझोमी गाड्या हमामात्सूला थांबत नाहीत. थांबणारी हिकारी डोळ्यांदेखत सुटली, मग पुढचीची वाट बघत फलाटावर. इथे उतरलो तर पाऊस. बूट ओले, मोजे ओले, गुडघा दुखतोय. रिकामी बाटली हातात घेऊन अर्धं गाव फिरलो, कचऱ्याचा डबा एकही दिसला नाही.

जेवण मात्र मनासारखं झालं. इथला ग्योझा प्रसिद्ध आहे. करंजीच्या घडणीचे तुकडे तव्यावर गोल रचून भाजतात, तसेच ताटलीत उलटे काढतात आणि मधल्या पोकळीत वाफवलेल्या मोडांचा ढीग घालतात. आत कोबी, कांदा, थोडं डुकराचं मांस. पंधरा खाल्ले.

रविवारी सामना आहे, होंडा एफसीचा. त्याच्यासाठीच आलोय. झोपतो.

शुक्रवार, रात्री उशिरा

खर्च : लाल लोकल, मग तेनहामा रेल्वे, जाऊन-येऊन हजाराच्या पुढे. नूडल्स 850. मोजे 600 (कालचे वाळले नाहीत).

शिन-हमामात्सूहून लाल गाडीने अर्ध्या तासात निशी-काजिमा. तिथून डिझेलवर चालणाऱ्या एका डब्याच्या गाडीने फुतामाता. होंडा सोइचिरो याच भागात 1906 मध्ये जन्मला, लोहाराच्या घरात. त्याच्या नावाचं छोटं संग्रहालय गावच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीत आहे. युद्धानंतर, 1946 मध्ये, त्याने लष्कराच्या वायरलेस संचांची पडून राहिलेली छोटी इंजिनं मिळवली आणि सायकलींना बसवली. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून अंथरुणात पाय शेकायची पत्र्याची बाटली लावली होती, अशी गोष्ट सांगतात. 1948 मध्ये कंपनी उभी राहिली, तीही हमामात्सूतच. सुझुकीचं मुख्यालय याच शहरात, यामाहाच्या पियानोचं घरही हेच. एवढ्याशा टापूत इतके कारखाने!

कारखाने आले, तसे त्यांचे संघ आले. जपानी फुटबॉल कंपन्यांनीच वाढवला. 1965 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय लीगमधले संघ म्हणजे मित्सुबिशी, फुरुकावा, तोयो कोग्यो (आताची माझदा), यावाता स्टील. खेळाडू पगारपत्रकावर कामगार किंवा कारकून. होंडाचा संघ 1971 चा. दहा वर्षांत तो पहिल्या विभागात पोचला. मग 1993 मध्ये जे-लीग आली. तिची अट अशी की, क्लब व्यावसायिक हवा, गावाचा हवा, नावात कंपनी नको. मित्सुबिशीचे उरावा रेड्स झाले, निस्सानचे मारिनोस, मात्सुशिताचा गाम्बा ओसाका. होंडा त्या वाटेने गेली नाही. प्रशिक्षक मियामोतो मासाकात्सू काशिमाला गेले. कुरोसाकी, हासेगावा, होंडा यासुतो हे खेळाडूही गेले आणि काशिमा अँटलर्स उभा राहायला त्यांचा हातभार लागला. संघ मात्र कारखान्यापाशीच राहिला.

परतताना गाडी चुकली. तेनहामाच्या गाड्या फार कमी. वारा बोचरा. गुडघा.

शनिवार

दिवसभर पाऊस. कपडे धुतले : मशीन 300, ड्रायर 200. दुकानातले ओनिगिरी तीन, 480. कॉफी 400. छत्री 700, संध्याकाळी एक काडी मोडली.

कुठेही गेलो नाही. चिडचिड झाली. उद्याही पाऊस असेल तर काय, हाच विचार.

रविवार, रात्रीचे साडेअकरा

ऊन पडलं!

स्टेशनपासून मियाकोदाला बसने तास लागला. बस उशिरा आली, भरलेली होती, उभ्याने गेलो. होंडाचं मैदान कारखान्यांच्या वसाहतीत आहे. अडीच हजारांच्या आसपास माणसं मावतील एवढं. एका बाजूला बसायच्या रांगा, पलीकडे गवत. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघत मी वाढलो, तिथल्या गर्दीच्या मानाने ही माणसं मूठभर. पण आवाज कमी नव्हता. ढोल होता, लाल झेंडे होते, आणि माझ्यापुढे दोन मुली प्रत्येक खेळाडूचं नाव घेऊन ओरडत होत्या.

शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ. मांडीवर वही, वहीत दोन्ही संघांची नावं पेन्सिलीने लिहिलेली. कॉर्नर मिळाला की बारीक रेघ, गोलवर फटका गेला की टिंब, फटका अडवला तर टिंबाभोवती गोल. मान वर न करता रेघ मारायचे, चेंडूवरची नजर हलायची नाही. मध्यंतराला त्यांनी पिशवीतून संत्री काढली, अजून अर्धी हिरवी होती, आणि एक माझ्या हातावर ठेवलं. सालं घेऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी घडी करून खिशात. कचऱ्याचा डबा इथेही नव्हता आणि त्यांना तो लागतही नव्हता.

फोनवरच्या भाषांतरातून बोललो. ते होंडाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. संघातले बरेच जण कंपनीचे नोकर आहेत, सकाळी कामावर असतात, दुपारनंतर सराव करतात. पूर्वीचा एक मधल्या फळीतला खेळाडू त्यांच्या शेजारच्या विभागात होता. सामना हरला की सोमवारी तो कँटीनमध्ये लवकर येऊन लवकर उठायचा, कुणी विचारू नये म्हणून. हे सांगताना त्यांनी मैदानाकडे बोट केलं, जणू तो अजून तिथेच धावतोय.

मी जो प्रश्न घेऊन आलो होतो तो विचारला. होंडा खेळते ती जेएफएल (जपान फुटबॉल लीग) म्हणजे आता चौथी पायरी, वर जे-3. 2016 ते 2019 होंडा सलग चार वर्षं विजेती. 2023 ला पुन्हा. तरी वर जात नाही, कारण जे-लीगचा परवाना ती मागतच नाही. त्या वर्षी तर जे-3 मध्ये तळाला असलेला किताक्यूशू त्यामुळेच वाचला. जिंकूनही तिथेच राहायचं, याचं वाईट वाटत नाही का?

त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले की वर गेला तर संघ चांगला होईल, पण तो कारखान्याचा राहणार नाही. आणि ते स्वतः इथे येतात ते कारखान्याचा संघ बघायला. एवढं बोलून त्यांनी पेन्सिलीला टोक केलं. दुसरं सत्र सुरू झालं.

होंडाला सगळे जेएफएलचा द्वारपाल म्हणतात. जे-लीगची स्वप्नं घेऊन आलेल्या प्रत्येक क्लबला हिच्याशी दोनदा खेळावं लागतं. आजचा पाहुणा संघही त्यातलाच. त्यांच्याकडे पैसा दिसत होता, उंच बचावपटू होते, घाई होती. होंडाला घाई नव्हती. चेंडू पायापायांतून फिरत राहिला, डावीकडून उजवीकडे, परत मागे, पुन्हा मध्ये. पाहुणे धावून दमले. सत्तराव्या मिनिटानंतर कॉर्नरवर डोक्याने गोल झाला. शेजारच्या वहीत टिंब, त्यावर फुली. शेवटपर्यंत 1–0.

सामना संपल्यावर खेळाडू रांगेत आले, आमच्या बाजूला वाकले, मग पाहुण्यांच्या समर्थकांपुढे जाऊन वाकले. यांतले कित्येक जण उद्या सकाळी कामावर हजर असतील.

याच संघाने 2019 च्या सम्राट चषकात पहिल्या पायरीच्या साप्पोरोला हरवलं, आणि नंतर आदल्या वर्षीच्या विजेत्या उरावालाही, 2–0. उपांत्यपूर्व फेरीत थांबवलं काशिमाने, 1–0. 2007 मध्येही याच फेरीत, याच काशिमाने, 1–0. ज्यांच्या उभारणीला होंडाची माणसं गेली त्यांनीच दोनदा वाट अडवली. आजोबांना हे विचारलं तर त्यांनी वहीची मागची पानं उलटून 2019 चं पान दाखवलं. काशिमाविरुद्धच्या टिंबांनी भरलेलं.

बसने परतलो. जेवलो, काय ते आठवत नाही. फार आनंदात आहे.

सोमवार, रात्री

इवाता. तेनर्यू नदी ओलांडली की लगेच. यामाहा मोटरचा संघ इथला. तो 1994 ला ज्युबिलो म्हणून जे-लीगमध्ये गेला, 1997, 1999 आणि 2002 ला विजेता झाला, 1999 ला आशियाचाही. एकाच नदीकाठचे दोन कारखाने, दोन संघ, दोन वाटा. ज्युबिलोचं मैदान बाहेरूनच पाहिलं, दुकान बंद. दुपारी फलाटावर बसून मन जड झालं.

कारण होंडासारखे संघ एकेक करून जातायत. सागावा शिगा, कुरिअर कंपनीचा, तीनदा जेएफएल जिंकलेला, 2012 ला थांबला. सोनी सेंदाई 2024 च्या हंगामाअखेर थांबला. कंपनीचा संघ कंपनीच्या एका बैठकीत बंद होऊ शकतो, आणि त्यावर मत द्यायला मैदानावरच्या माणसाला कुणी बोलावत नाही. आपल्याकडेही हे झालंय. महिंद्रा युनायटेड 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकला आणि 2010 मध्ये बंद पडला. त्या मुंबईकर संघासाठी कूपरेजवर गळा सुकवणाऱ्यांनी नंतर कुणाकडे बघायचं? गोव्याच्या साळगावकरने 2016 मध्ये आय-लीग सोडली. त्या क्लबांना वाढवलं तेही उद्योगांनीच.

म्हणून होंडाबद्दल मला आदर वाटतो, नुसतं कौतुक नाही. वर जायचं नाही म्हणजे मोठं व्हायचंच नाही, असं मी इथे यायच्या आधी मानत होतो. काल नव्वद मिनिटं पाहिल्यावर ते मानता येत नाही. हा संघ दरवर्षी जिंकण्यासाठी खेळतो, उरावाला हरवायची ताकद अंगात बाळगतो, आणि पन्नासहून जास्त वर्षं एका कारखान्याच्या माणसांना रविवारी जायला जागा देतो. वर निघालेल्या क्लबांनाही त्याचा उपयोग आहे, त्यांचा कस इथेच लागतो. कंपनीने हे उद्या थांबवू नये. थांबवायचं मनात आलंच, तर आधी त्या वहीची पानं बघावीत.

मंगळवार

सकाळी हामाना तलाव. दुपारी भातावर भाजलेला उनागी (ईल मासा), 4,200. महाग, पण घास तोंडात विरघळतो. दोनदा चहा मागितला.

बस वेळेवर.

उद्या ओकाझाकी, तोयोहाशीला गाडी बदलून. तिथेही कारखान्यातून आलेला संघ आहे. सराव बघू देतात का ते तिथे गेल्यावर विचारायचं.