मुंबई दिली, दीव राखलं

उना मागे पडलं की रस्ता सपाट होतो, कडेला मिठागरं दिसू लागतात आणि वाऱ्याला खारट वास येतो. मग लागतं घोघला. हे गाव मुख्य भूमीवरचं, पण कारभार दीवचा. घोघल्याच्या टोकाला खाडीवरचा पूल चढलो आणि पलीकडे पिवळसर दगडाचा लांबच लांब तट दिसला, त्याच्यामागे चर्चचे पांढरे शेंडे, आणि खाडीत पाण्याच्या मधोमध उभी असलेली एक गढी. मागच्या सीटवरून धाकटीने विचारलं, "बाबा, ती बोट दगडाची आहे का?" प्रश्न अगदी बरोबर होता. पाणीकोठा नावाची ही गढी जहाजाच्याच आकाराची बांधलेली आहे, नाळ समुद्राकडे केलेली.

आई, बायको, लेक आणि शाळकरी पुतण्या असा आमचा लवाजमा होता. मुलांना हवा होता समुद्र, आईला सोमनाथ झाल्यावर जरा निवांतपणा, आणि मला बघायचं होतं ते गाव, ज्याच्या पायी मुंबईचं नशीब बदललं. हे तिन्ही एकाच बेटावर मिळतं. चाळीस चौरस किलोमीटरच्या आसपासचं हे बेट. पूर्व टोकाला किल्ला आणि गाव, पश्चिम टोकाला वणाकबारा हे मच्छीमारांचं बंदर. या टोकावरून त्या टोकाला रिक्षाने जायला फारसा वेळ लागत नाही. मुलांना घेऊन फिरणाऱ्याला याची किंमत लगेच कळते.

पहिली सकाळ नागव्याच्या किनाऱ्यावर गेली. हा किनारा आत अर्धगोल वळलेला आहे, त्यामुळे उघड्या समुद्राचा जोर इथे पोहोचेपर्यंत ओसरतो. वाळू घट्ट, उतार हळूहळू. लहान मूल बरंच आत गेलं तरी पाणी गुडघ्यापर्यंतच राहतं, म्हणून आईसुद्धा नऊवारीचा काठ वर धरून लाटांमध्ये उभी राहिली. जीवरक्षक शिट्टी वाजवत फेऱ्या मारतात, पॅरासेलिंग आणि केळ्याच्या आकाराच्या बोटीही आहेत. पावसाळ्यात मात्र इथे पाण्यात उतरायला बंदी असते. तेव्हा दिवाळी ते होळी हा काळ धरावा.

नागव्याला जाताना दिसणारी झाडं पाहून आपण थबकतोच. ताडाचं झाड म्हणजे एकच सरळ खोड, असं आपण गृहीत धरतो. इथला ताड कमरेइतक्या उंचीवर दुभंगतो, त्या दोन फांद्या पुन्हा दुभंगतात, आणि प्रत्येक टोकाला पंख्यासारख्या पानांचा झुबका. इथले लोक त्याला होका म्हणतात. हे झाड पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून आणलं असं प्रत्येक रिक्षावाला सांगतो. वनस्पतिशास्त्र मात्र ते भारताच्या पश्चिम किनाऱ्याचं मूळ रहिवासी मानतं, आणि आपल्याकडे कोकणात ते रावणताड म्हणून ओळखलं जातं. वाटेत एक बाई टोपलीत होक्याची फळं घेऊन बसली होती. तपकिरी, गुळगुळीत, मुठीत मावेल एवढं फळ. साल दातांनी कुरतडून खायची, आत टणक बी. चव गोडसर, जराशी तुरट. पुतण्याने पूर्ण खाल्लं, लेकीने अर्धं माझ्या हातात दिलं.

ऊन चढल्यावर किल्ल्यात गेलो. हा किल्ला नीट बघायचा तर त्यामागचं भांडण आधी कळलं पाहिजे.

खंबातच्या आखातात पाणी उथळ आणि भरती-ओहोटी जबरदस्त. मोठ्या जहाजांना आत जाणं धोक्याचं. म्हणून गुजरातचं कापड घेऊन तांबड्या समुद्राकडे आणि इराणच्या आखाताकडे जाणारा व्यापार आखाताच्या तोंडाशी असलेल्या दीवला एकवटला. इथली जकात ज्याच्या हाती, त्याच्या हाती अरबी समुद्राची तिजोरी. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इथला कारभारी होता मलिक अयाझ, गुजरातच्या सुलतानाचा धूर्त आणि कर्तबगार सरदार. पोर्तुगीज समुद्रावर दादागिरी करू लागले तेव्हा इजिप्तच्या मामलुकांचं आरमार मदतीला आलं, आणि पहिली टक्कर झाली ती आपल्या चौलला, 1508 मध्ये. रेवदंड्याच्या त्या खाडीत पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. बापाने सूड उगवला तो दीवला. 3 फेब्रुवारी 1509 रोजी त्याने मामलुक, गुजरात आणि कालिकतचा झामोरीन यांच्या एकत्रित आरमाराचा इथे धुव्वा उडवला. त्या दिवसानंतर पोर्तुगिजांना समुद्रात तोलामोलाचा विरोधक बराच काळ उरला नाही.

पण समुद्र जिंकला तरी बेट हाती येईना. 1531 मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा प्रचंड आरमार घेऊन आला आणि दीवच्या तोफांपुढे हात हलवत परत गेला. मग पोर्तुगिजांनी गुजरातच्या किनाऱ्यावर जाळपोळ सुरू केली. दुसऱ्या बाजूने मुघल बादशहा हुमायून चालून येण्याची चिन्हं दिसू लागली. कात्रीत सापडलेल्या सुलतान बहादूरशहाने डिसेंबर 1534 मध्ये तह केला आणि पोर्तुगिजांना वसई दिली. वसईबरोबर साष्टी दिली, मुंबईची बेटंही दिली. दीव दिलं नाही!

त्या वेळचा हिशोब असा होता. मुंबई म्हणजे नारळीची बागायत, भातखाचरं आणि कोळीवाडे. दीव म्हणजे रोख पैसा. आज मुंबईहून दीवला सुट्टीसाठी येणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे तटावर उभं राहून मनात आणून बघावं.

पुढच्याच वर्षी हुमायूनने बहादूरशहाचा पराभव केला. पळत पळत तो दीवलाच आला आणि लष्करी मदतीच्या बदल्यात त्याने पोर्तुगिजांना इथे किल्ला बांधायची परवानगी दिली. मदत नावापुरतीच मिळाली, किल्ला मात्र झपाट्याने उभा राहिला. 1537 मध्ये पोर्तुगीज गव्हर्नरला जहाजावर भेटून परतताना झटापट झाली आणि सुलतान याच पाण्यात मारला गेला. मला या सगळ्या इतिहासात त्याच्याबद्दल सर्वात जास्त हळहळ वाटते. त्याला दीवची किंमत पुरेपूर ठाऊक होती, आणि तेच त्याला राखता आलं नाही.

किल्ल्याच्या तीन बाजूंना समुद्र आणि चौथीला खंदक. एक नव्हे, दोन. बाहेरच्या खंदकात भरतीचं पाणी शिरतं. आत तोफा अजून गाड्यांवर आहेत, वाटेत लोखंडी गोळे गंजून पडलेले दिसतात. पुतण्याने एक उचलायचा प्रयत्न केला, जागचा हलला नाही. मुलांना तोफेच्या तोंडात डोकावायचं होतं, दीपगृहापर्यंत चढायचं होतं, आणि तटाला कठडा नसलेल्या जागी नेमकं तिथेच उभं राहायचं होतं. लहान मुलं बरोबर असतील तर इथे हात सोडू नका. दुपारी सावली नाही, पाण्याची बाटली बरोबर हवी.

या किल्ल्याला दोन मोठे वेढे पडले. 1538 मध्ये गुजरातच्या सैन्याला इजिप्तहून आलेल्या तुर्की आरमाराची साथ होती. 1546 चा वेढा त्याहून भयंकर. सुरुंगाच्या स्फोटात एक बुरूज उडाला आणि गोव्याचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याचा मुलगा फर्नांदो त्यात मेला. कास्त्रो स्वतः आरमार घेऊन आला, वेढा उठला, पण किल्ला ढासळलेला आणि खजिना रिकामा. त्याने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितलं. तारण म्हणून मुलाच्या अस्थी ठेवायचं त्याच्या मनात होतं, त्या काढता येण्याजोग्या नव्हत्या. म्हणून त्याने स्वतःच्या दाढीचे केस पाठवले. गोव्याने पैसे दिले. आपल्या माणसांवर चालून आलेल्या परक्याची ही गोष्ट, तरी मी ती मुलांना सांगितली. आई तेवढं ऐकून म्हणाली, "बाप तो बापच."

चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली. दीव पोर्तुगिजांकडेच राहिलं, पण तोवर त्याचा नूर गेला होता. 1668 मध्ये मस्कतच्या अरबांनी ते लुटलं, व्यापार सुरतेकडे आणि मग इंग्रजांच्या मुंबईकडे सरकला. बहादूरशहाने सहज देऊन टाकलेल्या त्या बेटांनीच शेवटी दीवला मागे टाकलं. इथले व्यापारी आणि गवंडी मोझांबिकला जाऊ लागले. आजही दीवच्या कितीतरी घरांची माणसं लिस्बनला आणि इंग्लंडमध्ये लेस्टरला आहेत. गावातून चालताना कुलूपबंद रंगीत घरं दिसतात, ती त्यांचीच.

गावातलं सेंट पॉल चर्च 1610 च्या सुमाराचं. बाहेरून शुभ्र नक्षीकाम, आत काळसर लाकडात कोरलेली वेदी. सेंट थॉमस चर्चमध्ये आता संग्रहालय आहे. पण मुलांची पसंती नायडा गुंफांना पडली, आणि माझीही. नैसर्गिक गुहा नव्हेत या; दगड काढून काढून झालेली ही खाण आहे. किल्ल्याचा दगड इथूनच गेला असं सांगतात. भिंतीला हात लावला की छिन्नीच्या तिरक्या रेघा बोटांना लागतात, चौकोनी चिरा जिथून निघाला तिथली काटकोनी खाच तशीच दिसते. वरच्या भोकांमधून वडाच्या पारंब्या उतरल्या आहेत आणि ऊन तुकड्यातुकड्याने खाली पडतं. मुलं त्यात लपाछपी खेळत राहिली. पुतण्या म्हणाला, "काका, म्हणजे किल्ला आधी इथे होता?" याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

19 डिसेंबर 1961 रोजी दीव स्वतंत्र झालं. पुढे 1987 पर्यंत ते गोव्याबरोबर एकाच केंद्रशासित प्रदेशात होतं. पणजीच्या विधानसभेत तीस जागांपैकी एक दीवची असायची. इथल्या जुन्या माणसांना सरकारी कामासाठी समुद्रापलीकडच्या पणजीकडे पाहण्याची सवय होती. त्यामुळे गोव्याशी नातं सांगणारं खूप काही इथे सापडतं, बोली मात्र गुजराती.

चक्रतीर्थाच्या टेकडीवर खुकरी स्मारक आहे. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवपासून चाळीसेक सागरी मैलांवर पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने आयएनएस खुकरी बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी इतरांना वाचवायची धडपड केली आणि स्वतः जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे. त्याच नावाची पुढची युद्धनौकाही निवृत्त झाल्यावर 2022 मध्ये दीव प्रशासनाला सोपवली गेली. समुद्राकडे तोंड करून गेलेल्यांची नावं वाचावीत, मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत.

आईसाठी फुदमच्या गंगेश्वराला गेलो. खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं, पांडवांनी स्थापलेली अशी श्रद्धा. भरतीची लाट आत येते, पाचही लिंगांवरून वाहते आणि वाहिलेली फुलं घेऊन परत जाते. पुजाऱ्याच्या अभिषेकाची वाट पाहावी लागत नाही. आई बराच वेळ पायऱ्यांवरून हलली नाही.

आता थोडं स्पष्ट बोलतो. गुजरातेत दारूबंदी, दीवला नाही. त्यामुळे शनिवार-रविवारी आणि लागून आलेल्या सुट्ट्यांना नागव्यावर गोंगाट वाढतो. मुलंबाळं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर आठवड्याच्या मधल्या दिवसांत या आणि घोघल्याच्या बाजूला उतरा. तिथल्या किनाऱ्याला 2020 मध्ये ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं. कपडे बदलायच्या खोल्या, स्वच्छतागृहं, पाय धुवायला गोडं पाणी, व्हीलचेअर जाईल अशी वाट, सगळं नीट आहे. मुंबईहून येताना वेरावळपर्यंत रेल्वे आणि पुढे गाडी हा मार्ग सोयीचा, सोमनाथ वाटेवरच होतं आणि सासण गीरही जोडता येतं. बहुतेक सहली सोमनाथनंतर दीवला अर्धा दिवस देतात. तेवढ्यात किल्ला होतो किंवा किनारा. दोन रात्री ठेवा, आणि परत आल्यावर मुलांना घेऊन चौल-रेवदंड्याला जा. गोष्टीचा पहिला भाग तिथे आहे.