बंडीतली सुट्टी

उन्हाळ्यात समुद्रावर जाऊन आलेल्या मैत्रिणी फोटो दाखवतात. आमच्या तिगावात सुट्टी म्हणजे बाबांची बंडी. वर ताडपत्री, खाली कडबा, मागे पाण्याची घागर, मधात आम्ही चार पोट्टे आन् आजी. जायचं मुलताईला.

तिगाव-चिचोंड्याचा घाट रेल्वेचाही दम काढतो, तिथं बैलांचं काय! चढावर आम्ही उतरून चालायचो. रात्री मुक्काम कुठल्याही आंब्याखाली. आम्ही बंडीखाली झोपायचो, बैल रात्रभर रवंथ करायचे. भाकर, ठेचा, कांदा. एकदा घागर कलंडली आणि सगळं अंथरूण ओलं. बाबा रागावले, आजी हसत सुटली.

मुलताईच्या तलावात आजी पानावर दिवा सोडायची. "हे तापीमायचं पाणी सुरतेकडे समुद्रात जाते. मी काही जात नाही, दिवा तरी जाईन."

दिवा दहा हातांवर पायरीला अडकायचा. मला दिसायचं. मी कधी बोलले नाही.

पुढे शाळेत कळलं, वर्धाही मुलताईकडच्याच डोंगरात उगवते, पण ती गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते. आजीला सांगितलं तर म्हणे, "म्हणजे आपल्याले दोन समुद्र!"

बैल विकले, बंडी गोठ्यामागं पडली. यंदा कॉलेजच्या सहलीत गणपतीपुळ्याला मी पहिल्यांदा समुद्र पाहिला. किनाऱ्यावरूनच आजीला फोन लावला. तिनं पहिलं विचारलं, "दिवा दिसला का वं?"

"हो," मी म्हटलं.

"मंग तेल वाया नाही गेलं."