बेचाळीस अंशांची थंडी

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लिहावे, हे पुष्कळांना आगाऊपणाचे वाटेल. परंतु निलंग्याचे उन्हाळे काढलेल्या माणसाला तापमानावर बोलण्याचा हक्क आहेच, आणि मला सांगायचे आहे ते तापमानाविषयीच.

माझा मावसभाऊ पुण्यात ड्रायव्हर लिहितो. हे ऐकून आजीने विचारले होते, "कुणाची गाडी चालवतोस रे बाबा?" पण हा ड्रायव्हर गाडीवरचा नव्हे. उष्णता, दाब, वेग मोजणाऱ्या उपकरणाला सेन्सर म्हणतात. त्याची बोली संगणकाला समजत नाही. दोघांच्या मध्ये बसून एकाचे दुसऱ्याला सांगणारा जो दुभाषा प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर.

या दुभाष्याची एक चूक दुरुस्त करण्यात दादाचे कितीतरी दिवस जातात. ती त्याने मला आपल्या उन्हावरच समजावून दिली. लिनक्स या प्रणालीत तापमान अंशाच्या हजाराव्या भागांत लिहितात. म्हणजे ४२ अंशांचे झाले ४२०००. हा आकडा ठेवायला १६ बिटांचे, अधिक-उणे दोन्ही सांभाळणारे घर दिले, तर त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. मग पुढच्याचे काय? आकडा फिरून उलट्या टोकाला जातो. ४२००० मधून ६५५३६ वजा होतात आणि उरतात उणे २३५३६. डांबर पाघळत असताना यंत्र सांगते, शून्याखाली साडेतेवीस अंश! गंमत अशी, की पौषात हेच यंत्र अगदी बरोबर बोलते. पंख्याखालच्या तपासणीतही ते उत्तीर्ण होते. खोटे पडते ते चैत्र-वैशाखात, म्हणजे नेमके त्याची गरज असते तेव्हा.

आपल्याकडची पायली किती प्रामाणिक! भरली की शीग लागते, वर ओतले की दाणे सांडतात. देणाऱ्यालाही दिसते, घेणाऱ्यालाही. आकड्याचे माप मात्र सांडत नाही. ते मुकाट्याने उलटे होते आणि तितक्याच ठामपणे उत्तर देते.

हा केवळ गमतीचा विषय नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे अग्निबाण दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून उडाले आणि सुमारे ४० सेकंदांत आकाशातच नष्ट झाले. आडव्या वेगाशी निगडित एक आकडा १६ बिटांच्या घरात मावला नव्हता. तो प्रोग्रॅम एरियन-४ साठी लिहिलेला. त्या बाणाचा आडवा वेग कमी, म्हणून तिथे तो पुरला. मदतीला दुसरा संगणक होता, पण त्यातही तोच प्रोग्रॅम! दोघेही एकाच कारणाने बंद पडले.

दुरुस्ती दिसायला लहान असते. आकड्याला मोठे घर द्यायचे, पण ते गुणाकाराच्या आधी. आधी गुणाकार झाला, तर बिघडलेलेच उत्तर मोठ्या घरात राहायला जाते. घर वाढवणे शक्य नसेल, तर आकडा वरच्या टोकाशीच थांबवायचा. तेही पूर्ण सत्य नव्हे. पण निदान उन्हाला थंडी म्हटले जात नाही.

आमच्या काकांची आंब्याची बाग आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती हवामान केंद्राने नोंदलेल्या आकड्यांवरून. झाडाखाली गळून पडलेला मोहोर तिथे साक्षीला येत नाही. म्हणून पुण्यात बसून कोणी एका आकड्याचे घर वाढवतो, ते काम मला परके वाटत नाही. सेन्सरला उन्हाची झळ बरोबर कळलेली असते. ती शेवटपर्यंत तशीच पोचवणे, एवढेच दुभाष्याचे काम. आणि मध्ये बसून दुसऱ्याचे सांगणे पोचवणारे आपण सगळेच, पत्रकार, शिक्षक, अनुवादक होऊ पाहणारे, आपल्या मापात किती मावते हे आधी तपासून घेतो का?