झोळीवरचे छप्पर

गेल्या जून महिन्यात आमच्या घरी एका ताडपत्रीवरून जो वाद झाला, तो लग्नाच्या याद्या ठरविताना होणाऱ्या वादाहून काही कमी नव्हता. माझा पुतण्या वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी. आलापल्लीचे सागवान पाहावे, तेथून भामरागडास जाऊन पर्लकोटा, पामुलगौतमी व इंद्रावती यांचा संगम पाहावा, आणि वाटेत दोन रात्री दोन झाडांना बांधलेल्या झोळीत निजावे, असा त्याचा बेत. तान्ह्या मुलाची झोळी आपणांस ठाऊक आहे. ही तशीच, परंतु मोठ्या माणसाची. ओली जमीन, विंचू व साप यांपासून ती माणसास दूर ठेवते, आणि मच्छरदाणी लावली म्हणजे डासांपासूनही. गडचिरोलीकडे हिवतापाचे भय असल्यामुळे ही मच्छरदाणी चैनीची वस्तू नव्हे.

थोरल्या बंधूंनी परवानगी दिली ती दोन अटींवर. मुक्काम रानात न करता ओळखीच्या घराच्या वाडीत करावा, आणि मी बरोबर जावे. पहिली अट किती शहाणपणाची होती हे चंद्रपूरकडील वाघांच्या वार्ता वाचणारास सांगावयास नको. शिवाय राखीव वनात परवान्यावाचून रात्र काढता येत नाही, ते वेगळेच. मुलगा मे महिन्यातच तापातून उठलेला. तेव्हा दुसऱ्या अटीचा अर्थ मला पुरता कळावयास हवा होता.

पुतण्याला हवे होते सिलिकॉनचा लेप दिलेले नायलॉनचे छप्पर. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत काही हजार. "चार बांबू आणि एक कापड यांना इतके पैसे?" असे म्हणून मी बाजारातून आठ फूट रुंद व दहा फूट लांब अशी निळी ताडपत्री आणली, आणि वाचलेल्या पैशांचा हिशेब जेवणाच्या पंक्तीत दोनदा सांगितला. काटकसरीचा अभिमान हाही एक अभिमानच.

आलापल्लीच्या पुढे एका शेतकऱ्याच्या वाडीत आंब्याच्या दोन झाडांमध्ये झोळी बांधली. मध्यरात्री पाऊस आला. पूर्व विदर्भातील हा पाऊस पुष्कळदा बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या पट्ट्याबरोबर येतो. वारा एका दिशेस टिकेल असा भरवसा धरता येत नाही. झोळीचे दोन टोकांतील अंतर नऊ फूट होते. दहा फुटांची म्हणून घेतलेली ताडपत्री शिवणीत दुमडल्यामुळे प्रत्यक्षात साडेनऊ फूटच भरली. म्हणजे प्रत्येक टोकास तीन इंच! तिरप्या पावसाने पोराचे पाय आणि डोके भिजले; त्यात दोरीवरून ओघळणारे पाणी थेट झोळीत उतरले.

घरधनी कंदील घेऊन आले. "भाऊ, हे तं टोपी झाली, छत नाही," एवढेच ते म्हणाले. मुलास त्यांनी पडवीत निजविले, आणि सकाळी धानाच्या राशीवर घालावयाची आपली ताडपत्री काढून मला बांधून दाखविली. झोळीच्या दोन्ही दोऱ्यांवर, छपराच्या आतल्या अंगास, त्यांनी सुतळीचा एकेक तुकडा लोंबता बांधला. पाणी त्यावरून खाली गळते, पुढे जात नाही. ज्या बाजूने वारा, ती बाजू जवळजवळ जमिनीपर्यंत उतरविली. वर वाळकी फांदी नाही ना हे तर त्यांनी सर्वांआधी पाहिले होते.

तेव्हा माझा अनुभव असा की, स्वस्त कापडाने काही बिघडत नाही. आखूड कापडाने बिघडते. ताडपत्रीवर 'जी.एस.एम.' म्हणून आकडा असतो; तो म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम. 120 ची दहा बाय बाराची ताडपत्री सुमारे 1.3 किलो भरते, 200 ची सव्वादोन किलो. पाठीवर घेऊन चालावयाचे असल्यास पहिली पुरे. बैलगाडी किंवा मोटार असल्यास दुसरी अधिक टिकेल. लांबी मात्र झोळीच्या टोकांतील अंतराहून तीन फूट तरी अधिक हवी, आणि ती दुकानातच मोजून घ्यावी. दहा फुटांचा चौरस तिरपा बांधल्यास कर्णाची लांबी चौदा फुटांवर जाते हे खरे, परंतु मग बाजू उघड्या पडतात. पावसाळ्यात लांबटच बरी. कडांच्या दुमडीत दोरी घातलेली असावी आणि कड्या ओढून पाहाव्या. वारा प्रथम तेथेच फाडतो.

दुसरी रात्र आम्ही पडवीतच काढली. घरी आल्यावर बंधूंना मी सर्व खरे सांगितले. ते काही बोलले नाहीत, आणि ते मला रागावण्याहून जड गेले. हिवताप अंगात भिनून वर यावयास आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून वहिनी पुढे कितीतरी दिवस सकाळ-संध्याकाळ मुलाच्या कपाळास हात लावून पाहात. ताप आला नाही.

दिवाळीनंतर नवी ताडपत्री आणली, दहा बाय बारा, हजाराच्या आतली. पिशवी उघडण्यापूर्वी वहिनींनी शिवणाच्या पेटीतून टेप काढली आणि एक टोक माझ्या हातात दिले.