मंद्रातले बळ

मोटारगाडीविषयी चार माणसे बोलू लागली की, पहिला प्रश्न निघतो तो अश्वशक्तीचा आणि दुसरा सर्वाधिक वेगाचा. गवयाची योग्यता त्याने तारसप्तकात लावलेल्या शेवटच्या स्वरावरून ठरवावी, तसाच हा प्रकार आहे. वस्तुतः ज्या फेऱ्यांवर एंजिन आपली सगळी अश्वशक्ती प्रकट करते, तिथवर सामान्य गृहस्थ महिनोन् महिने पोहोचतच नाही. बाजारहाट, मुलांची शाळा, कचेरी आणि एखाद्या रविवारी जवळचा डोंगर, हा त्याचा सारा संसार मिनिटाला दीड ते तीन हजार फेऱ्यांत आटोपतो. या मंद्रात ज्या एंजिनाचा जोर भरीव लागतो, ते माझ्या लेखी थोर. वरचे स्वर हवेत, पण ते शोभेपुरते.

हे मत मी नोकरीनिमित्त म्युनिकला राहिलो तेथे बनले, असे कोणास वाटेल. पण त्याचे मूळ बेळगावात आहे. लहानपणी सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढून घरी परतताना मी एस. टी. च्या ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा धरून बसत असे. एंजिन कुठवर ओढील आणि कुठे मान टाकील, हे त्या माणसाला वळण येण्यापूर्वीच कळे. काही वळणांवर तो गिअरच्या दांड्याला हातही लावीत नसे. गाडी दबक्या आवाजात, सावकाश, पण निश्चयाने वर जाई. तो जो खालचा जोर होता, त्याला इंग्रजीत ‘टॉर्क’ म्हणतात हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. टॉर्क म्हणजे आस पिळण्याचे बळ. अश्वशक्ती ही त्या बळाला फेऱ्यांनी गुणून येते. म्हणून थोडे बळ आणि पुष्कळ फेरे एवढ्या भांडवलावरही जाहिरातीतला आकडा फुगवता येतो.

आता हा खालचा जोर पेट्रोलच्या एंजिनात सहसा कमी का पडतो? कारण गमतीचे आहे, आणि ते सारे वेळेत आहे. झडप म्हणजे सिलिंडरचा दरवाजा. दट्ट्या खाली जाताना आवक झडप उघडी असावी आणि तो वर वळला की मिटावी, हे झाले शाळेच्या पुस्तकातले. प्रत्यक्षात हवेलाही वजन असते. फेरे वाढले की, नळीतून धावत आलेली हवा दट्ट्या वर वळल्यानंतरही वेगाच्या भरात आत घुसतच राहते. अशा वेळी दार अंमळ उशिरा मिटले, तर सिलिंडर अधिक भरतो. पण तेच उशिरा मिटणारे दार कमी फेऱ्यांवर घात करते. हवेला तेव्हा तेवढा रेटा नसतो, आणि वर येणारा दट्ट्या नुकतेच आत आलेले मिश्रण त्याच दाराने बाहेर लोटतो. पानावर बसलेल्या पाहुण्याला वाढण्यापूर्वीच उठवावे, तसे ते होते. सिलिंडर अर्धपोटी राहतो आणि चढावर गाडी कुंथू लागते.

झडपा उघडणारा कॅमशाफ्ट साखळीने किंवा पट्ट्याने क्रँकशाफ्टला बांधलेला असतो. अभियंत्याने कारखान्यात एकदा जो मुहूर्त काढला, तो एंजिन मोडीत जाईपर्यंत बदलत नसे. शर्यतीच्या गाडीला उशिराचा मुहूर्त, मालमोटारीला लवकरचा, आणि घरगुती गाडीला दोहोंच्या मधला, म्हणजे दोन्हीकडून थोडे नुकसान सोसणारा. हा हिशेब मोडण्याचे पहिले यशस्वी धाडस इटलीच्या आल्फा रोमिओने केले. १९८० साली तिच्या स्पायडर या गाडीत झडपांची वेळ चालत्या एंजिनात बदलण्याची योजना आली. मात्र ते एंजिन चार सिलिंडरांचे होते.

माझे प्रेम सहा सिलिंडरांच्या सरळ रांगेवर आहे. दर १२० अंशांनी एक ठिणगी, आणि पुढच्या तीन दट्ट्यांचे हेलकावे मागच्या तिघांनी परस्पर फेडून टाकलेले. असे एंजिन थरथरत नाही, नुसते गुणगुणते. स्वभावाने ते मंद लयीचे, म्हणून त्याच्या खालच्या जोराची उणीव अधिकच जाणवते. बी. एम. डब्ल्यू. ने १९९० साली चोवीस झडपांचे अडीच लिटरचे असे एंजिन आणले. त्याची अश्वशक्ती १९२, टॉर्क २४५ न्यूटन-मीटर. पण हा टॉर्क पुरता हाती येई ४७०० फेऱ्यांवर. १९९२ साली त्याच एंजिनाला ‘व्हॅनॉस’ बसवले. कॅमशाफ्टच्या तोंडाशी तिरप्या दात्यांचा एक लहानसा पेला असतो. तेलाच्या दाबाने तो पुढे सरकला की, दाते तिरपे असल्यामुळे ते सरकणे फिरण्यात बदलते आणि कॅमशाफ्ट साखळीच्या चाकापेक्षा काही अंश पुढे जातो. म्हणजे दार लवकर उघडते, लवकर मिटते. गाडी नुसती उभी असताना तो मागे राहतो, ओढायची वेळ आली की पुढे होतो, आणि फेरे फार वाढले की पुन्हा मागे येतो.

परिणाम काय झाला? अश्वशक्ती १९२ च राहिली. टॉर्क २४५ च राहिला. फक्त तो आता ४२०० फेऱ्यांवर भेटू लागला. जाहिरातवाल्यांच्या दृष्टीने जवळपास काहीच घडले नव्हते. पुढे १९९५ च्या एंजिनात अश्वशक्ती १७० वर आली, पण तेच २४५ आणखी खाली, ३९५० वर उतरले. आणि १९९८ मध्ये आवक व जावक अशा दोन्ही कॅमशाफ्टना व्हॅनॉस मिळाले, तेव्हा ३५०० वर. याचे सगळे श्रेय एकट्या व्हॅनॉसला देणे न्यायाचे नव्हे. १९९२ साली दाबाचे प्रमाणही १० वरून १०.५ केले होते, आणि नंतरच्या एंजिनांत हवेच्या नळ्यांची घडण बदलली होती. तरीही आठ वर्षे एकच आकडा हाती धरून त्याला पायरीपायरीने सामान्य माणसाच्या अंगणापर्यंत उतरवत आणणाऱ्या त्या अभियंत्यांविषयी मला आदर वाटतो.

या शेवटच्या एंजिनाची १९९९ ची एक गाडी मी वापरलेली अशी घेतली. नाव ३२३, पोटात मात्र अडीच लिटर. ही नावे कोण ठेवतो देव जाणे. म्युनिकहून साल्झबुर्गला जाणाऱ्या हमरस्त्यावर इर्शेनबेर्ग नावाचा चढ लागतो. तिथे मालमोटारी मुंगीच्या पावलांनी जातात. आमची गाडी तो चढ पाचव्या गिअरमध्ये सहज चढे. सहा-सात वर्षांनी तिला चौथा मागावा लागू लागला. वरच्या फेऱ्यांत ती पूर्वीसारखीच धावे. खाली मात्र तिचा आवाज बसला होता. एका मोठ्या विक्रेत्याच्या कार्यशाळेत नेली, तर संगणकाने काही दोष दाखवला नाही, आणि तेथल्या गृहस्थांनी “दहा वर्षांच्या गाडीकडून आणखी काय अपेक्षिता?” असे म्हणून मला नव्या गाड्यांच्या दालनाकडे वळवले.

ते साल २००९ होते. जर्मन सरकारने निदान नऊ वर्षे जुनी गाडी मोडीत काढून नवी किंवा वर्षभराची घेणाऱ्यास २,५०० युरो देऊ केले होते. पाच अब्ज युरो त्यापायी खर्ची पडले आणि सुमारे वीस लाख गाड्या भंगारात गेल्या. त्यांत धूर ओकणाऱ्या पुष्कळ असतील, त्यांच्यासाठी मी शोक करणार नाही. पण ज्यांचा अपराध केवळ वय एवढाच होता, अशाही होत्या. घरी अर्जाचा कागद आला होता. पत्नीचे म्हणणे व्यवहाराला धरून होते: मुलीचे शिक्षण पुढे आहे, अडीच हजार कोणी पुन्हा देणार नाही, आणि गाडी थकली हे तुम्हीच रोज सांगता. यातले एकही वाक्य खोडून काढता येण्यासारखे नव्हते.

उपनगरातल्या एका लहान गॅरेजच्या वृद्ध मालकाकडे मी शेवटचे म्हणून गेलो. त्याने गाडी दोन रस्ते फिरवली आणि म्हणाला, “एंजिन म्हातारे झालेले नाही. त्याचे रबर म्हातारे झाले आहे.” व्हॅनॉसच्या आत दोन छोटे दट्टे असतात. प्रत्येकावर टेफ्लॉनचे एक कडे, आणि ते बाहेर दाबून धरणारे दुसरे रबरी कडे. गरम तेलात वर्षानुवर्षे राहून ते रबर कडक होते, तेल बाजूने निसटते, आणि कॅमशाफ्ट सांगितलेल्या वेळी हवा तेथे पोहोचत नाही. नवी कडी उष्णता सोसणाऱ्या निराळ्या रबराची मिळत. खर्च मुख्यतः मजुरीचा. कॅमशाफ्ट जागेवर जखडून काम करावे लागे. त्याने काढलेले जुने कडे माझ्या तळहातावर ठेवले. बोटांनी वाकवताच ते काचेच्या बांगडीसारखे मोडले.

“लगेच फरक पाहू नका,” तो म्हणाला, “नवी कडी बसायला काही शे किलोमीटर जावे लागतात.”

तीन आठवड्यांनी आम्ही साल्झबुर्गला निघालो. गाडी पत्नी हाकत होती. इर्शेनबेर्गच्या पायथ्याशी सवयीने तिचा हात गिअरकडे गेला, क्षणभर तिथे थांबला, आणि परत चाकावर आला. पुढच्या सोमवारी त्या अर्जाच्या कोऱ्या बाजूवर तिने वाणसामानाची यादी लिहिली. गाडी आमच्याकडे पुढे आणखी सात वर्षे होती.